लाल दिव्याखालच्या पेट्या

त्या स्पीकरच्या पेट्या हलवायला चार माणसं लागतात आणि पाचवा दारं उघडायला, असं म्हाताऱ्या फोटोवाल्यानं फोनवर सांगितलं, तेव्हाच ताईनं नाक मुरडलं होतं. तरी ती भावाबरोबर निघाली. भाऊ लिफ्टचा मिस्त्री. पंचवीस वर्षं जगाला वर-खाली केलं आणि स्वतः होता तिथंच राहिला. त्याच्या तळहाताची ख्याती अशी, की तळमजल्यावर लोखंडी रुळाला हात लावून तो सातव्या मजल्यावरचा कोरडा पडलेला रोलर सांगायचा. सातव्यावरच्या बाई घरात आहेत की नाहीत तेही सांगायचा म्हणे. ते सोडून देऊ. रोलरचं मात्र खरं.

आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली. माणसं भेटायला आली, रडली, गेली. यानं प्रत्येकाला दारापर्यंत सोडलं, लिफ्ट बोलावून दिली, जाळीचं दार नीट लावायला सांगितलं. डोळ्यांतून टिपूस नाही. तेव्हापासून त्याचं हवं-नको बंदच पडलं होतं. चहात साखर घालू? घाल. नको घालू? नको घालू. दुःख होतंय असंही त्याला म्हणवत नव्हतं. दाढ काढताना सुई टोचल्यावर गाल कसा दुसऱ्याचा लागतो, तसा तो स्वतःला लागत होता.

ताईचा बेत पक्का होता. त्यानं घर विकावं, तिच्याकडे यावं. मागची खोली तिनं रिकामी करून, पडदे धुऊन ठेवली होती. तो "येतो" म्हणालाही होता. पण "घाल" ज्या आवाजात म्हणायचा, त्याच आवाजात. आणि मग पेट्या विकायच्या असल्याची ही जाहिरात दिसली. असल्या जुन्या, कपाटाएवढ्या पेट्या त्याला ऐन तारुण्यात हव्या होत्या. बायको म्हणायची, "या खोलीत एक तर त्या राहतील, नाहीतर मी." तो विषय तिथंच मिटायचा.

बसमध्ये त्यानं ताईला सांगितलं, "ऐकून बघतो. आत काही हललं तर घेईन, आणि माझ्याच घरात राहीन. नाही हललं तर तुझी खोली."

"माझ्या खोलीत ती धुडं मावायची नाहीत, आधीच सांगते."

"म्हणून तर म्हटलं."

फोटोवाल्यानं त्यांना थेट फोटो धुण्याच्या खोलीत नेलं. धंदा बंद होऊन वर्षं झाली होती, पण खोलीत अजून तोच लाल दिवा. त्या उजेडात तिघंही भाजल्यासारखी दिसत होती. दोन्ही भिंतींना एकेक पेटी, मध्ये हात पसरण्याएवढी जागा.

"पांढरा दिवा नाही का?" ताईनं विचारलं.

"या खोलीला पांढरा उजेड माहीत नाही, बाई. सव्वीस वर्षं इथंच ऐकतोय. एकदा जरा मोठ्यानं लावलं, तर वाळत घातलेल्या फोटोतली सगळी वऱ्हाडी मंडळी हलली. गिऱ्हाईक म्हणालं, फोटो हललाय. म्हटलं, बरोबर आहे, गाणं चालू होतं."

"मग विकताय कशाला?"

"कान गेले हो. दुकानात ऐकल्या तेव्हा ढोलाच्या ठोक्यागणिक पोटात गोळा यायचा. इथं आणल्या, तो काही आलाच नाही. म्हटलं, वय झालं. तेव्हा मी एकोणपन्नासचा होतो."

त्यानं रेकॉर्ड लावली. जाड आवाजाची एक बाई गायला लागली, मागे मोठा ढोल. मिस्त्रीनं डाव्या पेटीला तळहात लावला. पेटी थरथरत होती. उजवीला लावला. तीही थरथरत होती. मग तो मधोमध उभा राहिला, आणि तिथं काहीच नव्हतं. बाई कुठून गातेय कळत नव्हतं. ढोल कुणीतरी उशीखाली दाबल्यासारखा. हाताला सगळं समजत होतं, छातीपर्यंत काही पोचत नव्हतं.

आठ महिने हेच तर चाललंय, त्याच्या मनात आलं. त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही. ठरल्याप्रमाणे मागची खोली.

"चला," तो म्हणाला.

"नाही ना आवडल्या?" ताईनं पर्स खांद्याला अडकवली. चेहऱ्यावर समाधान होतं, आणि त्याच्या खाली थोडं वाईटही.

निघता निघता, निव्वळ सवयीनं, त्यानं दोन्ही हात पसरले आणि दोन्ही पेट्यांच्या, आवाज ढकलणाऱ्या कागदी पडद्यांवर एकदमच बोटं टेकवली. ढोलाचा ठोका आला. डावा पडदा बोटांवर आला, उजवा मागे सरला. पुन्हा ठोका, पुन्हा तेच. एक येतो, दुसरा जातो. लिफ्ट वर निघाली की तिच्या पाठीमागचं वजन खाली येतं, तसं. लिफ्टला ते शोभतं. पेट्यांनी दोघींनी एकदम ढकलायला हवं, नाहीतर मधल्या माणसाच्या वाट्याला काही उरत नाही.

"काका, या वायरी कुणी जोडल्या?"

"मीच. इथंच बसून."

मिस्त्रीनं पिशवीतली बॅटरी काढून वायरींवर पांढरा झोत टाकला. पांढऱ्या वायरीच्या एका बाजूनं बारीक लाल रेघ गेली होती. त्यानं झोत विझवला. लाल उजेडात रेघ गायब. दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या, की सारख्याच लाल.

"एका पेटीची उलटी जोडलीय तुम्ही. रेघ दिसलीच नसणार."

म्हातारा वायरीकडे बघत राहिला. लाल दिव्यात लाल दिसत नाही, हे त्यानं अर्धा डझन शिकाऊ फोटोवाल्यांना शिकवलं होतं.

मिस्त्रीनं दोन टोकं बदलली. सुई पुन्हा ठेवली. पहिला ठोका तिघांच्या पोटात पडला. ताईनं दाराची चौकट धरली. गाणारी बाई बरोबर मधोमध येऊन उभी राहिली, हाताच्या अंतरावर, इतकी की मिस्त्री अर्धा पाऊल मागे सरला.

"आला!" म्हातारा ओरडला. "गोळा आला!"

मिस्त्रीनं आत चाचपून पाहिलं. रडू नव्हतं. बायको आठवली, पण रोज आठवायची तशीच, लांबून. छातीत फक्त ठोके पडत होते, आणि ते बाहेरचे होते.

"आता नाही विकायच्या," म्हातारा म्हणाला. "कान शाबूत आहेत माझे."

"मला हव्यात," मिस्त्री म्हणाला.

"नाही म्हटलं ना."

"मला हव्यात! जाहिरात दिलीत, मला इथवर आणलंत. मी बोललो नसतो तर तुम्ही बहिरेच मेला असता!"

"अरे!" ताई दचकली.

"मग मी मेल्यावर न्या," म्हातारा म्हणाला.

"कधी मरताय?"

म्हाताऱ्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाची हनुवटी वर करायला सांगणारा माणूस तो. "घर कितव्या मजल्यावर तुमचं?"

"चौथ्या."

"लिफ्ट?"

"मी काय धंदा करतो?"

"मग मी ऐकायला येणार. केव्हाही. न सांगता."

"या. पण पेट्या माझ्या."

खाली रस्त्यावर आल्यावर ताई म्हणाली, "आणि माझी खोली? पडदे धुतले मी."

"मला नाही यायचं तुझ्याकडे."

ताईला राग आला. तो तिनं स्टॉपपर्यंत नेटानं टिकवला. मग बस आली, आणि आठ महिन्यांत हा पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हणाला, हे लक्षात येऊन ती खिडकीबाहेर बघत बसली. शेजारी तो गुडघ्यांवर हात ठेवून, कोरड्या डोळ्यांनी, टेम्पोवाल्याला फोन लावत होता.