गोदाच्या नावावर वाजलेली ढोलकी

मित्रांनो, मी एक जुनी ढोलकी आहे, आणि मला कोणी ‘बिचारी’ म्हटलेले अजिबात खपत नाही. माझे खोड फणसाचे. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीतल्या शिवा सुताराने मला घडवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. तेव्हा १९२५ साल नुकतेच सरले होते. त्याने मला कोरले, मढवले आणि पहिली थाप मारून म्हणाला, “बोलतंय की गो!” तेव्हापासून मी बोलतेच आहे.

शिवा मला घेऊन बाबूबुवांच्या पडवीत जाई. बुवा म्हणजे आमच्या नाच मंडळाचे गुरू. भातलावणी उरकली की गाणी रचायला शिकू पाहणारी पोरे नारळ घेऊन त्यांच्याकडे येत. पहिला पावसाळा नुसता ताल धरायचा. मग चाल बांधायची, मग कडवे, आणि शेवटी समोरच्या गावाच्या सवालाला गाण्यातच जवाब द्यायचा. जो टिकेल त्याला गणपतीत फेटा मिळे. त्यातल्या एखाद्याला मुंबईच्या गिरणीवाल्यांचे मंडळ आगबोटीने बोलावून नेई, तिकडे वर्षभर गाणी करायला. गाणे रचून माणूस पोट भरू शकतो, हे मी तिथेच पाहिले.

रीत अशी, की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याने आपले नाव घालायचे आणि गुरूचेही. ज्याचे नाव येईल त्याने पुढच्या सवालाला रिंगणात उभे राहायचे. ज्याला गुरू नाही तो निगुरा; त्याचे गाणे कोणी ऐकून घेत नसे.

पडवीच्या कुडाआड, म्हणजे कारवीच्या भिंतीपलीकडे, बुवांची सून गोदा भात कांडत असे. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. बुवा बाहेर शिकवीत आणि तिचे मुसळ आत माझ्या तालावर पडे. शिवाला ते कळले होते, मलाही. फक्त बुवांना कळत नव्हते, किंवा कळून घ्यायचे नव्हते. तिने एकदा विचारले होते, “मामंजी, मी बसू काय?” बुवा म्हणाले, “बायकांना मी शिकवीत नाय.” विषय संपला.

गोदाचा दीर लवू हा बुवांचा पट्टशिष्य. गळा गोड, पण रचायला बसला की नुसते डोके खाजवी. मग तो कुडापाशी जाऊन कुजबुजे, “वयनी, एक कडवा दे ना.” गोदा देई. तिच्या मुखात शेवटी ‘गोदा म्हणे’ असे, अंगणात ते ‘लवू म्हणे’ होई. बुवा त्याची पाठ थोपटत आणि मी रागाने ताठून बसे. मला तो माणूस कधीच आवडला नाही.

त्या वर्षी गौरीच्या दिवशी दुपारी पलीकडच्या गावाचा शाहीर असा सवाल टाकून बसला की लवूला घाम फुटला. तो धावत चुलीपाशी गेला, गोदाने घावणे घालता घालता जवाब रचून दिला आणि त्याने तो घोकला. मुंबईच्या मंडळाचे मुकादम खास ऐकायला आले होते. लवू झोकात गायला. लोकांनी माना डोलावल्या. आणि शेवटच्या कडव्यात, घाईत घोकले होते तसेच, तो गाऊन गेला: ‘गोदा म्हणे’.

समोरचा शाहीर हसून म्हणाला, “ही गोदा कोन? येऊ दे रिंगनात!”

“चुकून आला ता नाव,” बुवा ओरडले. “शिवा, ढोलकी थांबव!”

पिठाने भरलेल्या हातांनी गोदा बाहेर आली. “चुकून नाय, मामंजी. गाना माजाच हाय.”

“मग गुरू कोन तुजा?” शाहिराने विचारले.

बुवांनी एकदा होकारार्थी मान हलवली असती तरी पुरे होते. त्यांनी मान फिरवली. शिवाने मात्र हात थांबवला नाही, आणि मी अशी कडाडले की झांजा लाजल्या. गोदा गायली:

पडवीमधली विद्या सारी
कुडामधून आली दारी
दिली नाही ती घेतली मी
गोदा म्हणे, कसली चोरी?

बायका हसल्या, मग पुरुषही हसले. शाहिराने हात जोडले. तरी मुकादमांनी नेले लवूलाच. बाईला आगबोटीत बसवून चाळीत कोण उतरवणार, म्हणाले. गोदा त्या दिवशी चुलीपुढे रडली, आणि मला अजून त्याचा संताप येतो.

पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? शिमग्यापर्यंत लवूची कडव्यांची शिदोरी संपली आणि तो परत आला. तोवर गोदाने शिवाच्या मांडवात मुलींना शिकवायला घेतले होते. बुवांनी दार लावले, वाडीने नावे ठेवली, ती जात राहिली. शिवाने मला तिच्या मांडीवर ठेवले, कायमचे. लवू तिथेच येऊन कुजबुजला, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, “भावोजी, कडवा मिळायचा नाय. बसा, शिकवतंय.” तो त्या मुलींतल्या चिमाच्या मागे बसला. पहिला पावसाळा नुसता ताल.

मित्रांनो, मला कपाटात जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. कातडे फाटले तर नवे चढवा आणि वाजवा. जपायचेच असेल तर कुडाआड कान देऊन उभे असलेल्यांना जपा. त्यांना आत बोलवा, बसायला जागा द्या. नाही दिलीत तरी ती शिकतीलच, हेही ध्यानात ठेवा.

चिमाने पहिले गाणे रचले तेव्हा रीतीप्रमाणे त्यात गुरू म्हणून गोदाचे नाव घातले. गोदाने तिला थांबवले.

“माजा नाव काढ. तुजा एकटीचा ठेव.”

“लोक मला निगुरी म्हनतील.”

“म्हनू देत, मी पन निगुरीच गायलंय,” गोदा म्हणाली आणि माझ्यावर थाप मारली. “चल, मोठ्यान् गा.”