अकरा जणींच्या फोनमधलं पुस्तक

प्रकाशकाचं उत्तर ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. ‘हा परवाना क्रमांक आमचा नाही. आम्ही मागे घेतलेल्या जुन्या आवृत्तीवर कुणीतरी नवं मुखपृष्ठ चढवलं आहे. तान्ह्या बाळांच्या औषधांचं कोष्टक वापरू नये. त्यात चुका आहेत.’



इस्पितळाच्या ग्रंथालयात त्यांचा एकच नेम होता. ई-पुस्तक विकत घेतलं की परवाना आधी प्रकाशकाकडून पडताळायचा, मगच ते वाटायचं. पावती काय, कुणीही छापतं. पण या वेळी मेट्रननी घाई लावली, विक्रेताही फार गोड बोलला, आणि सकाळी पुस्तक अकरा नर्सच्या फोनवर गेलं. विचारणा मागाहून.

बाईंनी सगळ्यांना निरोप धाडला: पुस्तक खोटं, उघडू नका. नऊ जणींनी वाचल्याची खूण उमटली. उरल्या दोन. त्यांतली एक धाकटी नणंद, बालविभागातली. तिला फोन लावला.

“बोला वहिनी. डबा विसरले का मी परत?”

“सकाळचं पुस्तक उघडलंस?”

“उघडलं की. तीन नंबरच्या बाळाची मात्रा बघितली. का हो?”

“दिलीस?”

पलीकडे ट्रॉलीचं चाक करकरलं नि थांबलं.

“सिरिंज भरलीय. हातातच आहे.”

“खाली ठेव. पुस्तक खोटं आहे.”

“थट्टा करताय?”

“थट्टा तू करतेस. मी कधी केलीय?”

ट्रेवर काहीतरी टेकल्याचा आवाज आला. “ठेवली.” नणंदेचा आवाज एवढासा झाला होता. “डॉक्टरांना विचारते. पुस्तक कुणी दिलं म्हणाले तर?”

“माझं नाव सांग. आणि ती दुसरी कुठंय, नवजात कक्षातली? निरोप बघत नाहीये.”

“ती कशी बघेल? आत फोन नेत नाहीत. आम्ही चहा घेत होतो तेव्हा तिनं ते कोष्टक कागदावर उतरवून घेतलं. अक्षर बघाल तर मोती. भिंतीवर लावणार म्हणाली, सगळ्यांच्या सोयीला.”

कक्षाचा फोन बाईंनी दोनदा लावला. दोन्ही वेळा व्यस्त. मग त्यांनी चपला टेबलाखालीच सोडल्या आणि साठीला टेकलेल्या गुडघ्यांनी, एकेक पायरी गाळत, चौथ्या मजल्यावरच्या नवजात कक्षाकडे धाव घेतली.