माठाच्या ढिगाचं मीठ

हरले तर कृत्तिवासबाबूंना कार्तिकातलं तीस दिवसांचं गरम जेवण मिळणार होतं, आणि जिंकले तर नुसता मान. असा सौदा पदरात पडल्यावर शहाण्या माणसाने जिंकण्याचा विचारही करू नये, आणि बाबूंनी तो केलाही नव्हता. चौतीस वर्षं सरकारी अमीन म्हणून जमिनी मोजलेला माणूस. कुठलं माप कुणाच्या बाजूला झुकणार हे त्यांना साखळी टाकायच्या आधी दिसायचं.

सौदा झाला तो असा. त्यांच्या बायकोला, सौदामिनीला, एकदा तरी अख्खा कार्तिक पुरीला काढायचा होता. पहाटेचं स्नान, एकवेळचं हबिसाचं, म्हणजे व्रताचं, साधं जेवण आणि गावातल्या चार बायकांची सोबत. अकरा वर्षं ती विचारत होती आणि अकरा वर्षं बाबू एकच विचारत होते, माझ्या जेवणाचं काय? मुलगा-सून सुरतेला, घरात ही दोघंच. पण याच बाबूंना एक वाईट खोड होती. लोखंडी कढईतला परतलेला माठ पानात पडला की ते दोनदा मागून खात आणि वर म्हणत, यात करायचं काय असतं, पाच मिनिटांचं काम.

यंदा रजपर्व तोंडावर आलं तेव्हा सौदामिनीने तेच वाक्य उचललं. रजेचे तीन दिवस धरणी रजस्वला मानतात, म्हणून तिला विसावा आणि तिच्याबरोबर बायकांना. शेतात नांगर नाही, घरात विळी नाही, आणि चूल पुरुषांच्या ताब्यात. दरवर्षी बाबू ते तीन दिवस चिवडा आणि शेजाऱ्यांच्या आमंत्रणांवर निभावत. यंदा मात्र ती म्हणाली, "पहिल्या दिवशी माठ तुम्ही परता. अगस्ती येतोय, निवाडा त्याच्या जिभेचा. त्याने पानात टाकला तर घर माझ्यावाचून चालत नाही हे कबूल, पुरीचं नाव काढणार नाही. पान पुसून खाल्ला तर तुमच्या जेवणाची काळजी मिटली. मी कार्तिकात निघाले."

बाबूंनी लगेच हो म्हटलं. अगस्ती म्हणजे सौदामिनीचा धाकटा भाऊ, रजेला बहिणीची साडी घेऊन येणारा. त्याच्या जिभेला भीडमुर्वत नव्हती. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याने भर पंगतीत आचाऱ्याला डाळ अळणी असल्याचं सुनावलं होतं. असा पंच असल्यावर हरणं कितीसं अवघड? एक मूठ मीठ जास्तीचं पडलं की काम झालं.

रजेच्या पहिल्या दिवशी ऊन चढलं तेव्हा सौदामिनी आंब्याखालच्या झोपाळ्यावर बसली होती. पायाला लाल अळता, गालात विडा, आणि स्वयंपाकघराकडे पाठ. माठ तिने आदल्या दिवशीच निवडून, धुऊन, चिरून ओल्या फडक्याखाली ठेवला होता. अगस्तीने मात्र खाट नेमकी स्वयंपाकघराच्या दारासमोर टाकली.

बाबूंनी मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवलं. उडदाच्या वाळवलेल्या बड्या तांबूस तळून बाजूला काढल्या. मोहरी, जिरं, मेथी अशा पाच दाण्यांची फोडणी तडतडली, सुकी मिरची काळवंडली, ठेचलेला लसूण पडला आणि वास अंगणात गेला. हे सगळं त्यांना येत होतं. चौतीस वर्षं कढईसमोर बसून जेवलेल्या माणसाला न येऊन कसं चालेल? मग पाला. तो कढईत मावेना, वर डोंगर उभा राहिला. बाबूंनी मिठाच्या बरणीत हात घातला आणि मूठ भरली.

"आता बघ गं ताई," अगस्ती खाटेवरूनच म्हणाला, "दाजी ढीग बघून मीठ टाकणार. सगळ्या पुरुषांचा हात इथेच चुकतो. पाला बसल्यावर ओंजळभर उरतो हे यांना कुठून कळणार?"

"त्यांना नाही कळणार?" झोपाळ्यावरून आवाज आला. "अख्ख्या तालुक्याची जमीन नजरेने मोजलीय त्यांनी."

"जमीन आकसत नाही ना. नजरेचं माप म्हणे. टाका दाजी, टाका, लाजू नका."

बाबूंची मूठ कढईवर थांबली. मुद्दाम हरणं वेगळं आणि माप चुकून हरणं वेगळं, आणि ही मूठ आता पडली तर गावभर माप चुकल्याचंच बोललं जाणार होतं. कृत्तिवास अमीन ढिगाला फसले! उद्या पत्त्यांच्या अड्ड्यावर, परवा बाजारात. तीस दिवसांचं गरम जेवण डोळ्यांसमोर आलं, एवढंसं झालं आणि मागे सरलं.

त्यांनी मूठ बरणीत रिकामी केली. झाकण न ठेवता पाला हलवत राहिले. डोंगराची टेकडी झाली, टेकडीचा बांध झाला, पाणी सुटलं. मग बाबूंनी तीन बोटांची चिमूट टाकली, आच वाढवली, पाणी आटवलं आणि बड्या हाताने चुरून वर पसरल्या.

"घे, खा," ते म्हणाले, "आणि मग बोल."

अगस्तीने पान पुढे ओढलं. पाण्यात भिजवलेल्या भाताबरोबर दोनदा मागून खाल्लं आणि बोटाने पान पुसलं. सौदामिनीने स्वतःच्या पानातला शेवटचा घास तोंडात घालत विचारलं, "अहो, कार्तिकात किती बड्या करून ठेवू? दोन डबे पुरतील?"

अगस्ती निघताना तिने त्याच्या पिशवीत पोडपिठ्याचा, म्हणजे रजेसाठी भाजलेल्या तांदळाच्या गोड पिठ्याचा, कडेचा, सगळ्यात खमंग भाजलेला तुकडा घातला. पाचांना पुरेल एवढा. बाबूंनी विचारलं, एवढा कशाला?

"मीच त्याला दारासमोर बसून बोलायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मजुरी नको?"

म्हणजे अगस्तीला पिठा मिळाला, सौदामिनीला कार्तिक मिळाला, आणि बाबूंना मान मिळाला तो अगदी हवा तेवढा. त्याची किंमत मात्र एकट्या बाबूंनी मोजायची होती, तीस दिवस, रोज कढई घासून.