ऊर्मिलेची शेवटची सोळा पानं

गिरगावातल्या कमलाकांतराव कोठाऱ्यांनी 'विलासभुवनची ऊर्मिला' ही कादंबरी स्वतःच लिहिली, स्वतःच छापून घेतली आणि पुढचे सहा महिने जवळजवळ स्वतःच वाचली. तीनशे प्रतींपैकी बहुतेक त्यांच्या पलंगाखाली होत्या, काही नातेवाइकांच्या पलंगाखाली. विकल्या गेल्या होत्या फक्त नऊ. पण त्या नवाचं कमलाकांतरावांना कोण कौतुक! कोठारे घराण्याशी काडीचा संबंध नसलेली नऊ माणसं आपल्या पायांनी दुकानात गेली काय आणि ऊर्मिलेला घेऊन बाहेर पडली काय! या नऊ जणांना एकदा घरी बोलावून गुलाबपाणी शिंपडावं, त्यांचे रीतसर आभार मानावेत, असं त्यांच्या फार मनात होतं.

"बोलवा की," त्यांच्या पत्नी लीलाबाई वाटण वाटता वाटता म्हणाल्या. "पाचांवर माणसं जमायला सरकारची बंदी आहे, पण तुमच्याकडे पाच तरी कुठे जमतायत?"

ते छप्पन्न साल होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळायलाच हवी म्हणून रोज मोर्चे निघत होते, हरताळ पडत होते. कमलाकांतरावही त्याच मताचे होते, पण गॅलरीतून. आपलं पुस्तक निघायच्या ऐन वेळी लोकांना आंदोलन सुचलं, याचं त्यांना मनातून वाईटच वाटे.

आणि एके दिवशी लालबागहून कार्ड आलं. कुणा आनंदा परबाचं. 'आपली कादंबरी आम्ही गिरणीतले बारा जण मिळून वाचतो. तीन वेळा वाचून झाली. शेवट तर असा की बाप गेला तेव्हा न रडलेले आमच्या खात्याचे मुकादम बुधाजी जॉबर ढसाढसा रडले.'

कमलाकांतरावांनी ते कार्ड तीनही मजल्यांवर वाचून दाखवलं. का नाही दाखवणार? शेवटची सोळा पानं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. क्षयानं खंगलेली ऊर्मिला पौर्णिमेच्या चांदण्यात प्राण सोडते, ते लिहिताना त्यांचे दोन रुमाल भिजले होते. हस्तलिखित ऐकताना लीलाबाईंना नेमकी तिथेच डुलकी लागली होती. ऊर्मिलेच्या मरणावर एक तरी परका माणूस रडावा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तो माणूस आता सापडला होता.

शनिवारी छापखान्यातला गणपत डोक्यावर गठ्ठा घेऊन आला. साहेब रागावू नका, असं आधीच सांगून त्यानं कबूल केलं की हरताळाच्या गडबडीत शेवटच्या सोळा पानांचा फॉर्म कोपऱ्यात पडून राहिला आणि बाइंडरनं तो न घेताच पुस्तकं शिवली. कमलाकांतरावांनी पलंगाखालून प्रती ओढल्या. सगळ्या दोनशे आठव्या पानावर संपत होत्या. तेही अर्ध्या वाक्यात: 'ऊर्मिलेने कापऱ्या हाताने खिडकी उघडली आणि'. बस्स. ते स्वतः रोज पुस्तक उघडत, पण पुढून. जिथे त्यांचा फोटो होता. शेवट तर त्यांना पाठच होता.

म्हणजे नऊ गिऱ्हाइकांपैकी एकानंही तक्रार केली नव्हती. ते दुःख तर होतंच, पण त्याहून मोठा प्रश्न असा की मग बुधाजी जॉबर रडले कशावर?

रविवारी ताटातलं भुजणं अर्धं टाकून ते उठले. सोळा पानांची घडी कोटाच्या खिशात घातली आणि लालबागची ट्राम पकडली.

आनंदा परबाचा पत्ता म्हणजे कमळाबाईंची खाणावळ निघाली. कोकणातल्या एकाच गावची बारा माणसं तिथे जेवायची आणि रविवारी जेवणं झाली की आनंदा सगळ्यांना वाचून दाखवायचा. आधी वर्तमानपत्र, मग ऊर्मिला. लेखक आलेत म्हटल्यावर सगळे उठून उभे राहिले. कमळाबाईंनी घरातली एकुलती एक खुर्ची पदरानं पुसून दिली. कमलाकांतरावांसाठी आजवर फक्त कचेरीतला शिपाई उठायचा, तोही त्याचं लक्ष गेलं तर.

मग आनंदानं वाचायला घेतलं. तो साच्यावर कामाला. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे ऊर्मिलेचे हळुवार उसासेसुद्धा नाक्यापर्यंत पोचत होते. दोनशे आठवं पान आलं. ऊर्मिलेनं खिडकी उघडली आणि... आनंदा थांबलाच नाही. कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत त्याच आवाजात तो पुढे वाचत सुटला. खिडकीखालून मोर्चा चालला होता. ऊर्मिला अनवाणी धावत खाली उतरली, मोर्चातल्या लोकांना पाणी पाजू लागली आणि पोलिसांच्या तावडीत सापडली. चौकीवर तिनं पत्ता सांगितला तो विलासभुवनसारख्या बड्या घराचा, तेव्हा फौजदाराच्या हातची लेखणी गळाली. आणि मग तिच्याशी कधी एक शब्द न बोललेला तिचा मानी सासरा तिला सोडवायला आला, तिच्या चपला स्वतःच्या हातात घेऊन.

बुधाजींनी डोळ्यांना पंचा लावला. कमलाकांतरावांचाही हात खिशातल्या रुमालाकडे गेला, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

"शेवट हा नाही," ते उठून म्हणाले. "खरा शेवट माझ्यापाशी आहे."

त्यांनी सोळाही पानं वाचली. कफ, चांदणं, प्राजक्ताचा सडा, काही सोडलं नाही. ऊर्मिलेनं शेवटचा श्वास घेतला तेव्हा त्यांचा स्वतःचा आवाज फुटला. मोठ्या आशेनं त्यांनी मान वर केली.

एकाचाही डोळा ओला नव्हता. कुणीतरी खाकरलं. कमळाबाई उगाच टोपातल्या भाताकडे बघत बसल्या. शेवटी बुधाजी उठले आणि त्यांनी लेखकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाक लावून घेव नका, सायब. छापखान्यात काय तरी घोळ झालो असतलो. खंयच्या तरी दुसऱ्याच पुस्तकाची पाना तुमच्या गळ्यात मारल्यानी."

"तर काय," कमळाबाई म्हणाल्या. "आमची ऊर्मिला अशी मरणारी नाय."

यातलं अक्षरन् अक्षर माझं आहे, दोन रुमाल भिजलेत त्यासाठी, असं ओरडून सांगायला कमलाकांतरावांनी तोंड उघडलं. समोर बारा माणसं बसली होती. कमळाबाई धरून तेरा. जगात त्यांचे जेवढे म्हणून वाचक होते ते या एका खोलीत होते, आणि छापखान्यानं बिचाऱ्याच्या पुस्तकाची माती केली म्हणून कळवळून त्यांच्याकडे बघत होते.

"होय," कमलाकांतराव म्हणाले. "छापखान्याचाच घोटाळा."

खोलीनं सुटकेचा निःश्वास टाकला. चहा आला. मग त्यांनी नऊ जणांसाठी पाठ केलेलं आभाराचं भाषण या तेरा जणांपुढे सुरू केलं, पण तिसऱ्याच वाक्याला पुढचं आठवेना आणि त्यांनी नुसते हात जोडले. त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आनंदा त्यांना ट्रामपर्यंत पोचवायला आला. नवीन काय लिहिताय, असं त्यानं विचारलं. कमलाकांतराव म्हणाले, डोक्यात एक विषय आहे खरा.

"मग लिवा बिनधास्त," आनंदा म्हणाला. "शेवटाची काळजी करू नका. तो आम्ही बघून घेऊ."

कमलाकांतरावांच्या मस्तकात सण्णकन तिडीक गेली. ट्रामच्या दांडीला धरून ते मागे वळले, चांगलं खरमरीत काहीतरी बोलायचं म्हणून. आणि तोंडातून निघालं, "आभारी आहे हो, परब."