आधी वरची झडप

नदीवरचा तो पूल बोटी आल्या की मधोमध उघडायचा. दोन लोखंडी झडपा होत्या, त्यातली पलीकडची अलीकडचीवर चार बोटं चढून बसायची. म्हणून आधी पलीकडच्याने घंटा देऊन आपली उचलायची, मग अलीकडच्याने. पूल बांधला तेव्हापासूनचा हा शिरस्ता, त्यात कुणाला मानापमान वाटला नव्हता.

अलीकडच्या राज्याने संघराज्यातून फुटायचं ठरवलं, तेव्हा ही चार बोटं कुणालाच आठवली नाहीत. मुख्यमंत्री थेट पूलवाल्याच्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, "दुपारी झडप उचल. ती उभी राहिली की आपण वेगळे."

पूलवाल्याचा जीव भलतीकडेच टांगलेला. पलीकडे दिलेली त्याची लेक दिवस भरत आल्यामुळे आज आईकडे यायला निघाली होती आणि शिपायांनी तिला त्या टोकाला अडवलं होतं. झडप एकदा उठली की खाली कधी येणार, हे कुणी सांगेना.

त्याने पलीकडच्या पूलवाल्याला, म्हणजे आपल्या व्याह्यालाच, फोन लावला.

"व्याहीबुवा, घंटा देताय ना?"

"कशी देऊ? वरून निरोप आलाय. घंटा दिली तर तुमचा जायचा हक्क मान्य केल्यासारखं होतं म्हणे."

मुख्यमंत्र्यांनी फोन ओढून घेतला. "आम्ही आपखुशीने आलो, आपखुशीने चाललो. हक्क आमचा आहे."

"असेल की साहेब. पण आमची झडप तुमच्या उरावर बसलीय, तिचं काय करताय?"

वकील बोलावले. एक म्हणाला, घटनेत आत यायला दार ठेवलंय, बाहेर पडायला नाही. दुसरा म्हणाला, मनाई लिहिलेली नाही म्हणजे मोकळीक. दोघांचे घसे बसले, झडप काही हलेना. शेवटी पलीकडून तोड निघाली : दुरुस्तीच्या नावाखाली झडप उचलू, पण सांगणारं राज्य आमच्यातलंच हवं. परक्या मुलखाचं आम्ही ऐकत नाही.

मुख्यमंत्र्यांनी घंटा होईपर्यंत आपण संघराज्यातच आहोत, असं फोनवर कबूल केलं.

"झालं तर," व्याही म्हणाले. "मग तोवर मध्ये सरहद्द कसली? सोडा रे माणसं."

लेक कमरेवर हात ठेवून निघाली, दर दहा पावलांनी कठडा धरत.

"जरा पाय उचल म्हणावं," मुख्यमंत्री म्हणाले.

"नववा लागलाय साहेब. आणि पुलावर माणूस असताना घंटा होत नसते."

ती आली, पायरीवर टेकली, तांब्याभर पाणी प्यायली.

"मागून सासूबाई येतायत," ती म्हणाली. "त्यांच्यामागे आमची अख्खी गल्ली. पुढे यायला मिळतंय की नाही, म्हणून सगळेच निघालेत."

पूलवाल्याने वाकून पाहिलं. इकडची गल्लीही तिकडे निघाली होती. त्याने झडप उचलायच्या दांड्यावरचा हात काढला आणि मुख्यमंत्र्यांना चहाचं विचारलं.

ते राज्य अजून संघराज्यातच आहे. पूल काही रिकामा होत नाही, बोटी बिचाऱ्या वळसा घालून जातात.