कॉलेज दाखवायचा कार्यक्रम

गाद्यांच्या शोरूमचा मॅनेजर सुट्टीच्या दिवशी सकाळपासून घरभर फिरत होता. खिडकी उघड, ऊन आलं म्हणून लाव, उकडलं म्हणून पुन्हा उघड. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुमच्यामुळे भिंतींना चक्कर यायला लागली. जा एकदाचे तिला घेऊन."

'ती' म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव होतं; घरात ती ठकी. ठकीला दोन कॉलेजांत प्रवेश मिळत होता. एक रात्रभराच्या प्रवासावर. दुसरं घरापासून चार बसथांबे सोडून, जिथे खुद्द बाप शिकला होता. लांबच्या कॉलेजला 'येते' किंवा 'येत नाही' हे आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

मॅनेजरच्या घरात सगळे निर्णय चर्चेनेच होत. फक्त चर्चा निर्णयानंतर होई. या वेळी मात्र घोडं पेंड खात होतं, कारण ठकी भांडतच नव्हती. भांडणाऱ्या लेकीची समजूत काढता येते. ही नुसती "बघते" म्हणायची आणि केस विंचरायला जायची.

"मग बघच," असं म्हणून तो तिला कॉलेज दाखवायला घेऊन निघाला.

त्यामागे त्याच्या धंद्यातली अक्कल होती. नव्या सेल्समनला तो पहिल्याच दिवशी सांगायचा, "गिऱ्हाइकाला गादीवर आडवं करा आणि तोंडात मिठाची गुळणी धरा. आडवा झालेला माणूस स्वतःची समजूत स्वतःच घालतो." ठकीला एकदा वर्गात नेऊन बसवायचं आणि गप्प राहायचं, एवढाच बेत होता. भर उन्हाळ्यात कॉलेजला सुट्टी असते, हा बारीकसा मुद्दा फाटकापाशी पोचल्यावर ध्यानात आला.

फाटकात वॉचमन पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला होता.

"सुट्टी आहे," तो म्हणाला.

"मी इथला माजी विद्यार्थी."

"सुट्टीत येणारे सगळे माजीच असतात. जा आत. बाकांवर नावं कोरू नका."

"या वयात?"

"माजीच जास्त कोरतात, साहेब."

आत सगळं कसं धुऊन वाळत घातल्यासारखं होतं. कँटीनच्या खुर्च्या पाय वर करून टेबलांवर पडल्या होत्या. नोटीस बोर्डावर नुसत्या टाचण्या. ग्रंथालयाला कुलूप, आणि कुलपाच्या सावलीत मावेल तेवढं एक कुत्रं. मॅनेजर भराभरा पुढे चालला होता. "ही लॅब. हे ऑफिस. हा जिना. नाही, हा नवा आहे, चल."

"बाबा, आपण कोणाला पकडायला आलोय का?"

एक वर्ग उघडा सापडला. मागच्या ओळीतल्या खिडकीजवळच्या बाकावर त्याने ठकीला बसवलं. वीज नव्हती, पंखा नुसता टांगलेला. ठकीने हनुवटीखाली हात घेतले आणि बाहेर बघत राहिली. गिऱ्हाईक आडवं झालं होतं.

आता फक्त गप्प राहायचं. पण शोरूममधलं गप्प राहणं एसीतलं असतं. इथे शर्ट पाठीला चिकटला होता. शिवाय ठकी लहानपणी शोरूममधल्याच गाद्यांवर पालथी पडून गृहपाठ करायची. नवा सेल्समन विसरेल, पण तिला बापाचा नियम तोंडपाठ होता. तीही गप्प बसली.

अखेर मॅनेजरच फुटला.

"हा माझा बाक बरं का."

"हं."

"खिडकीजवळचा मुद्दाम धरून ठेवायचो. तेव्हा गज नव्हते. हजेरी झाली की टांग टाकायची, थेट बाहेर."

"मग?"

"मग काय, स्टेशनवर."

"तिथे काय?"

"गाड्या बघायच्या. लांब पल्ल्याच्या. डब्यांवरच्या पाट्या वाचायच्या, कुठून कुठे जाते ते. एकदा तर चढून बसलो होतो मी. गाडी हलली तशी उडी मारली."

"मारली कशाला?"

"तुझे आजोबा जेवणाच्या वेळेला दारात उभे असायचे."

मॅनेजरला आपलं घोडं भलत्याच वाटेला लागल्याचं जाणवलं. "तसं नाही, शिकवायचे फार छान," तो घाईने म्हणाला.

"कोण?"

"ते आपले... 'कापूस' म्हणायचो आम्ही त्यांना. आवाज मऊ होता."

"काय शिकवायचे?"

बराच वेळ विचार करूनही कापूस काय शिकवायचे ते त्याला आठवेना. घरी आजवर रंगवून सांगितलेला प्रत्येक किस्सा त्याने मनात उलगडून पाहिला. भिंतीवरून उडी, मागचं फाटक, खोटं आजारपण. सगळेच किस्से इथून बाहेर पडण्याचे. ज्या गादीवर स्वतःला कधी झोप लागली नाही, ती तो लेकीला खपवायला निघाला होता.

"आजोबांनी विचारलं होतं तुला?" ठकीने विचारलं.

"विचारायची पद्धतच नव्हती. मी तरी तुला विचारतोय."

"तू आणून बसवलंयस."

तो उठला. बाकांच्या रांगांमधून एक फेरी मारून पुन्हा तिथेच आला.

"तू गेलीस तर संध्याकाळी घरी येऊन मी करायचं काय?"

हे बोलायचं नव्हतं. निघून गेलं. ठकीने पहिल्यांदा खिडकीवरून नजर काढली.

"बाबा, खरं सांगू? मला पण भीती वाटतेय. तिथे कोणाला ओळखत नाही मी. म्हणून 'बघते, बघते' चाललंय माझं. तू एकदा दरडावून 'नाही' म्हण. मी राहते इथे. आणि मग जन्मभर तुझ्या नावाने खडे फोडते."

"म्हणजे वाईट मीच."

"कोणीतरी व्हायलाच पाहिजे ना."

आता एका शब्दाचं काम होतं. लेक घरात, संध्याकाळी दोघांचा चहा, आणि चार खडे. खडे काय, कोणत्या बापाच्या नावाने फुटत नाहीत? तो शब्द मॅनेजरच्या ओठांवर आला. त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, मान पुसली, काही गरज नसताना कान पुसले.

"कळवून टाक त्यांना," तो म्हणाला.

"काय?"

"येतेय म्हणून. काय म्हणजे काय?"

"नक्की?"

"परत विचारू नकोस, ठके. मी पलटेन."

ठकीने फोन काढला. जाड भिंतींत रेंज नव्हती. व्हरांड्यात नव्हती, जिन्यात नव्हती. ती मैदानाच्या मधोमध उन्हात जाऊन फोन वर धरून उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, जातच नाहीये!"

नाही जात तर राहू दे, देवाचीच इच्छा, असं म्हणायची केवढी सोय होती! तसं तोंडही उघडलं होतं त्याने. पण पाय त्याआधीच निघाले. मैदान ओलांडून, पाण्याच्या टाकीला लावलेल्या लोखंडी शिडीवर, पोट सांभाळत, तापलेल्या पायऱ्यांवरून हात उचलत टाकत, तो अर्ध्यावर पोचला आणि स्वतःचा फोन आभाळाकडे धरला.

"इथे येतेय रेंज!" तो ओरडला. "दोन दांड्या आल्यात. ये, लवकर ये!"

"अरे, पडशील! येते, थांब ना!"

"थांबू नको सांगतोय ना," तो वरून खेकसला. "पळ!"