डाव्या हाताचं अक्षर

शाळा बंद झाल्या त्या वर्षी मी दहावीत गेले आणि माझी धाकटी बहीण पहिलीत. घरात आम्ही तिघीच. आई, मी आणि ती. तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण ती एका जागी बसायचीच नाही, सतत कुठून तरी कुठे तरी निघालेली असायची. बाबा ती रांगत असतानाच गेले होते.

आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. सगळं जग घरात बसलं होतं तेव्हा आमची आई रोज सकाळी सातला बाहेर पडायची. वॉर्डातून पिवळ्या पिशव्या भरभरून चादरी यायच्या, त्या मोजायच्याही नाहीत, सरळ मशीनमध्ये टाकायच्या. हातमोज्यांतून आत गेलेल्या गरम पाण्याने तिच्या बोटांची सालं निघाली होती. संध्याकाळी ती मागच्या दाराने यायची, आधी न्हाणीत जायची आणि तिथून ओरडून विचारायची, "मुंगीचा अभ्यास झाला का?"

"झाला," मी म्हणायचे.

घरात फोन एकच होता, आईचा. कामावर जाताना ती तो आमच्यासाठी ठेवून जायची. निघताना रोज एकच वाक्य. "दोघींचं बघ गं, तुझ्या भरवशावर टाकून चाललेय."

दोघींचं बघायचं कसं? माझे वर्ग नऊला, तिचेही नऊला. पहिला आठवडाभर मी अर्धा वेळ तिला दिला, अर्धा मला घेतला. त्यात माझ्या गणिताच्या सरांनी दोन प्रकरणं संपवली आणि मला दोन्हींतलं काही कळलं नाही. आठव्या दिवशी मी फोन घेऊन खिडकीत बसले आणि मुंगीला सांगितलं, "तुझी शाळा आजपासून दुपारी."

दुपारी तिच्या बाईंनी पाठवलेले अभ्यासाचे कागद फोनवर आलेले असत. ते बघून वहीत उतरवायचे, भरायचे आणि फोटो काढून पाठवायचे. मी तिला घेऊन बसले. 'क' काढ म्हटलं की ती 'क'ला शेपूट काढायची, मग शेपटाला उंदीर. एक कागद भरायला दोन तास लागले. मला दुसऱ्या दिवशी चाचणी होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि कागद स्वतःच भरला. उजव्या हाताने लिहिलं तर अक्षर फार सुबक येत होतं, म्हणून डाव्या हाताने लिहिलं. दोन ठिकाणी मुद्दाम चुकवलं.

पंधरा मिनिटांत काम झालं. संध्याकाळी फोनवर बाईंकडून तारा आला. पिवळा, हसणारा.

मग तेच सुरू झालं. मुंगी दिवसभर जिन्यात खेळायची, मी तिचे कागद भरायचे. पाठ वाचून त्याचा आवाज पाठवायला सांगितला की मी तिला तो दोनदा वाचून दाखवायचे आणि ती धडाधडा म्हणून टाकायची. पाठांतर असं की कान टवकारून ऐकावं. तिला एक अक्षर ओळखता येत नव्हतं आणि सबंध पुस्तक तोंडपाठ होतं.

आई ते आवाज रोज रात्री जेवताना ऐकायची. त्या दिवसांत तिच्या पाळीतल्या दोन बायका गेल्या. त्यातली एक तिच्या शेजारी उभी राहून चादरींच्या घड्या घालायची. आई त्यांच्याबद्दल काही बोलायची नाही. नुसती म्हणायची, "लाव परत." मग मुंगीचा आवाज पुन्हा, शेवटी तारा. धुलाईघरात ती सगळ्यांना सांगायची की माझी धाकटी शाळा न बघता वाचायला शिकली.

मी तिला खरं सांगणार होते. माझी परीक्षा झाली की सांगणार होते, आणि सुट्टीत मुंगीला बसवून सगळं शिकवून टाकणार होते.

माझी परीक्षा झालीच नाही. दोन आठवडे आधी रद्द झाली. नववीच्या गुणांवरून सगळ्यांना पास केलं, ज्यांनी वर्षभर पुस्तक उघडलं नव्हतं त्यांनाही. ज्या वर्षासाठी मी बहिणीचं वर्ष खाल्लं, त्याचा कुणी एक प्रश्नही मला विचारला नाही. त्या दिवशी मी इतकी चिडले होते की मुंगीने नुसतं "आता आपण शाळा-शाळा खेळायचं ना?" म्हटलं तर तिच्या पाठीत धपाटा घातला.

दुसरीही तशीच गेली. पहिलीचं येत नसलेल्या पोरीला दुसरीचं काय शिकवणार? मी डाव्या हाताने जोडाक्षरं लिहायला लागले.

शाळा उघडल्या तेव्हा मुंगी तिसरीत होती. आईने तिला नवा गणवेश शिवून आणला. नववा दिवस असेल. मुंगी शाळेतून आली तीच बाईंची चिठ्ठी हातात धरून. उद्या भेटायला या, थोरलीलाही आणा.

"बक्षीस देत असतील," आई म्हणाली. तिने तासाभराची सुट्टी मागून घेतली.

बाई पहिलीपासूनच्या त्याच. पन्नाशीच्या, बारीक, मानेला पट्टा लावलेल्या. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. वर्ग भरलेला होता. मुंगीला त्यांनी पुढे बोलावलं, हातात दुसरीचं पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, "वाच."

मुंगीने पहिला धडा सुरू केला. स्वच्छ, न अडखळता. आईने माझ्याकडे बघून हसून घेतलं. दोन ओळी झाल्यावर बाईंनी पुढे होऊन चार पानं उलटली. मुंगी थांबली नाही. डोळे नव्या पानावर आणि तोंडात जुनाच धडा, एकही शब्द न चुकता. मागच्या बाकावरून कुणी तरी फिसकलं, मग सगळा वर्ग हसला. कुणी तरी म्हणालं, "पोपट."

आईचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्यातलं काही तरी निघून गेलं होतं.

"हा 'म' आहे की 'भ'?" बाईंनी एका अक्षरावर बोट ठेवलं.

मुंगीने बाईंकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"कळलं?" बाई आईला म्हणाल्या. "तिसरीत आहे ही."

आईचा आवाज धारदार झाला. "दोन वर्षं तारे कुणी दिले? मी दिले का? तुम्हीच दिलेत ना, बाई?"

"दिले."

"न वाचताच?"

"वाचून दिले. ते अक्षर पोरीचं नाही हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मोठ्या माणसाने डाव्या हाताने लिहिलेलं न कळायला मी काल शिकवायला लागले नाही. साठ मुलं होती माझ्याकडे. वीस जणांचे कागद यायचेच नाहीत. वर रोज आकडा द्यावा लागायचा, किती कागद आले म्हणून. हिचा यायचा. मी तारा देत होते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही माझ्या पोरीला पुढे ढकललंत."

"माझ्यावर आवाज चढवू नका. मी तीनदा फोन केला तुम्हाला."

"मला एकही फोन आला नाही."

"येईल कसा? उचलला हिने." बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तिन्ही वेळा हिनेच. 'छान वाचते हो बाई, मी रोज बसते तिच्याजवळ.' हेच सांगत होतीस ना गं? तिसऱ्या वेळी मी म्हटलं, आईला दे. म्हणालीस, आई झोपलीय."

मागचे हसणारेही आता माझ्याकडे बघत होते. तिसरीतल्या पोरांना असलं बरोबर कळतं.

आई माझ्याकडे न बघता बाईंकडे वळून म्हणाली, "आता काय करायचं?"

"रोज पहिले दोन तास हिने पहिलीच्या वर्गात बसायचं. बाकीचा वेळ इथे. सुट्टीत माझ्याकडे वाचायचं."

"पहिलीत? पिल्लांमध्ये? हसतील तिला."

"आता हसत नाहीत का?"

"माझी पोर नापास झालेली नाही."

"तेच तर चुकलंय," बाई म्हणाल्या. "नापास करायचं नाही म्हणून सांगितलं होतं आम्हाला. पटत नसेल तर दुसरी शाळा बघा. तिथेही हेच निघेल."

आईने बाईंनी पुढे केलेल्या अर्जावर सही केली. पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं. बाईंनी नवा कागद दिला, आईने परत सही केली. कुणी कुणाचा निरोप घेतला नाही.

घरी पोचल्या पोचल्या आईने दार लावलं आणि म्हणाली, "भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, तो हा. मी तिकडे मेलेल्यांच्या चादरी धुतेय आणि तू इथे मला फसवतेस. रोज. जेवताना."

"फोन एक होता," मी म्हटलं.

"मला सांगायचं होतंस."

"काय केलं असतंस? दुसरा आणला असतास? नोकरी सोडली असतीस? मी पंधरा वर्षांची होते. पोरगी तुझी आहे, माझी नाही."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण मला ते दोन वर्षं बोलायचंच होतं. आई जवळ आली, मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातला फोन काढून घेतला, त्यातले मुंगीचे सगळे आवाज एकेक करून पुसले आणि फोन स्वतःच्या पिशवीत टाकला.

मुंगी न्हाणीच्या दारात उभी होती. तिला वाटलं भांडण तिच्यामुळे चाललंय. म्हणाली, "मी पाठ करेन. पुढचे धडे पण पाठ करेन."

"गप बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मुंगी पहिलीत बसायला लागली. बाक एवढं बुटकं होतं की तिचे गुडघे वर टेकायचे. जाता-येता पोरं "पोपट, पोपट" करायची. दोघांना तिने चावलं. आईला बोलावणं आलं, आई गेली नाही. बाईंनी चावल्याची शिक्षा म्हणून मुंगीचा खेळाचा तासही काढून घेतला आणि तोही वाचनाला लावला. बाई प्रेमळ वगैरे नव्हत्या. चुकली की पुन्हा, पुन्हा चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बाकीची पोरं मैदानात असायची आणि ही रिकाम्या वर्गात बाईंच्या टेबलाशी उभी. मुंगी घरी येऊन बाईंच्या नावाने बोटं मोडायची. बाई मराव्यात असं तिने एकदा मोठ्याने म्हटलं आणि आई तिला रागावलीही नाही.

मी भरपाई करायला गेले. जुन्या पुठ्ठ्यांवर मोठी अक्षरं लिहून कापली, रंगवली, तिच्यासमोर मांडली. तिने सगळे पुठ्ठे गोळा केले. मला वाटलं, खेळायला घेतेय. ती मोरीत गेली, ते पाण्याच्या बादलीत बुडवले आणि वर पाय ठेवून उभी राहिली.

"मी तुला शिकवत होते," मी म्हटलं.

"तू नाही शिकवत. तू करून टाकतेस."

सात-आठ वर्षांच्या पोरीला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. तिने बादली मोरीत उपडी केली, रिकामी झाल्यावर माझ्या पायाशी आदळली आणि गेली.

आईशी माझं बोलणं महिनाभर बंद होतं. मग सुरू झालं, पण मिठाशिवायचं. बारावीनंतर मी घराजवळच्या औषधाच्या दुकानात लागले. आई अजूनही कामावर जाताना घरातलं काही सांगायचं झालं तर मुंगीला सांगते, मला नाही. ती नऊ वर्षांची, मी एकोणीसची.

मुंगी चौथीत गेली त्या उन्हाळ्यात बाईंनी आईला बोलावून सांगितलं की आता वेगळं बसवायची गरज नाही. आई मला म्हणाली नव्हती, तरी मी मागोमाग गेले आणि दाराशी उभी राहिले.

"जोडाक्षरांना अजून अडते," बाई म्हणाल्या. "पण वाचते."

आईने आभार मानले नाहीत. बाईंनीही त्याची वाट बघितली नाही. त्या वह्या तपासत होत्या, तपासतच राहिल्या. निघताना आई एवढंच म्हणाली, "तारे देऊ नका तिला."

"आता कुणालाच देत नाही," बाई म्हणाल्या.

परवा दुपारी मी कामावरून आले तेव्हा मुंगी जमिनीवर पालथी पडून शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक वाचत होती. कसलं तरी जहाजांचं होतं.

"कसलं गं पुस्तक?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

मी खाली बसून चपलांचे पट्टे सोडवायला लागले. ती एका शब्दापाशी अडली. ओठ हलायचे, थांबायचे, परत सुरुवातीला जायचे. शब्द माझ्या जिभेवर होता. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं, कोपर पुढे सरकवून पान झाकलं आणि कुजबुजत तो शब्द तुकड्यातुकड्याने जोडत बसली. बराच वेळ लागला. मग तिने पान उलटलं.